कडू निघालेली कोंबडी

१

दोन नंबरच्या कोंबडीचा पहिला घास मी थुंकला. सगळ्यांसमोर थुंकला, आणि वर मोठ्याने म्हणाले, "ही तर कडूजहर आहे." पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या या तोंडापासून झाली, म्हणून ते निस्तरायचंही मलाच होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण या हकिकतीत मी इतरांवर बरीच चिडणार आहे.

मी डॉ. प्रियदर्शनी नरवाडे. माणसांची नाही, जनावरांची डॉक्टर. मूळची नांदेडची. दीड वर्षापूर्वी उमरी तालुक्यातल्या सावरवाडीच्या सरकारी दवाखान्यात माझी बदली झाली. या गावात दर जानेवारीत अख्खी गावरान कोंबडी शिजवायची स्पर्धा होते. बक्षीस एक नारळ आणि टाळ्या. सगळं मैत्रीचं असतं, असं गावात प्रत्येकजण आवर्जून सांगतो.

पाच घरं भाग घेतात. गावातले बडे शेतकरी श्रीमंतराव यांच्या घरून पाचही जणींना सारखी भगुणी मिळतात, म्हणजे भांड्यावरून कोणाची कोणती हे कळू नये. प्रत्येकीने कोंबडी आपल्या हाताने साफ करायची, घरीच अख्खी शिजवायची, झाकणावर फडकं बांधून श्रीमंतरावांच्या शेतात आणायची. तिथे विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत गुरुपादप्पा गुरुजी एकटे बसलेले असतात. भगुणं आलं की ते चुन्यात बोट बुडवून त्याच्यावर आकडा काढतात आणि लगेच वहीत आकड्यापुढे नाव लिहितात. कोणता आकडा कोणाचा हे फक्त त्यांना आणि त्यांच्या वहीला ठाऊक. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, घर लिंगायत, मांसाचा वासही सोसत नाही. मग ते कोणाच्या बाजूचे कसे असतील, असा गावाचा हिशोब. नऊ वर्षं ते हे काम करत आले होते.

यंदा परीक्षक आम्ही तिघं होतो. मी, देगलूर रस्त्यावरचा ढाबेवाला शिवप्पा आणि पाटबंधारे खात्यातले एक साहेब. बायका लांब आंब्याखाली बसल्या होत्या. दोन नंबरला मी ते थुंकण्याचं काम केलं. चार नंबरला शिवप्पाने तंगडी तोडली, चघळली आणि हाड खाली ठेवायचं विसरून गेला. "डाक्टरीणबाई," तो म्हणाला, "माझं सारं आयुष्य ढाब्यावर गेलं. असली खाल्ली न्हाई."

आम्ही गुरुजींना निकाल सांगितला. चार नंबर पहिला. दोन नंबर कडू. तोवर सगळ्या कोंबड्या नेहमीप्रमाणे पंगतीसाठी मोठ्या पातेल्यात गेल्या होत्या, दोन नंबरची तेवढी कुत्र्यांपुढे टाकली होती आणि भगुणी घासायला गेली होती.

"बोटं चुन्यानं भरलीत," गुरुजी म्हणाले. "हात धुऊन येतो आणि नावं वाचतो."

ते हौदाकडे गेले, मग मोटारीच्या खोलीत गेले आणि दहा मिनिटांनी वही घेऊन आले. पहिला क्रमांक साखराबाई, म्हणजे श्रीमंतरावांच्या आई. सलग नवव्या वर्षी. टाळ्या झाल्या. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "अन कडू कोनाची वो गुरुजी?"

गुरुजी जरा थांबले. "जाऊ द्या ना," म्हणाले. मग पाच-सहाजणांनी गलका केल्यावर चष्मा वर सरकवून त्यांनी वाचलं, "दोन नंबर. सरजाबाई."

सरजाबाई म्हणजे गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई. तिच्याकडे सगळ्या माना वळल्या, आणि मागून एक आवाज आला, "मंग शाळेत पोरायला काय खाऊ घालत असंल ही?"

लोक हसले. हसणाऱ्यांत कोण कोण होतं ते मी मोजून ठेवलंय.

२

मंगळवारी लसीकरणाच्या कामाने शाळेवरून जाताना मी मधल्या सुट्टीत आत डोकावले. शेहेचाळीस पोरं. त्यांतली एकोणतीस घरून डबे घेऊन आली होती. खिचडीचं मोठं पातेलं जवळजवळ भरलेलंच होतं, आणि सरजाबाई त्याच्याजवळ पाटावर बसून पळी पदराने पुसत होती. पळी स्वच्छच होती.

"मावशी," मी म्हणाले, "रविवारी माझ्याच तोंडून ते निघालं."

"कडू लागलं ते तुमी बोलल्या. त्यात तुमचं काय चुकलं? पन डाक्टरीणबाई, ती माझी न्हवती."

"कशावरून?"

"म्या रस्सा चाखला व्हता. घरून निघायच्या आधी." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "अन म्या कोंबडी कशी साफ करते सांगू? आतलं समदं एकदम भायेर घेते, ताटात. मंग उजेडात बसून काळजाचं पित्त कापून फेकते. काळीज अन दाण्याचा पोटा धुऊन परत पोटात घालते अन वरून शिवून टाकते. माझ्या कोंबडीत पित्त फुटंल तर ते ताटात फुटंल, कोंबडीत न्हाई."

हे मला एकदम पटलं. कोंबडी कडू होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. काळजाला चिकटलेली हिरवी पिशवी पोटात फुटली, की मग किती धुवा आणि किती मसाला घाला, कडूपणा जात नाही. पण मला पटून काय उपयोग होता?

तिने चोळीतून एक घडी घातलेला कागद काढून दिला. शाळा व्यवस्थापन समितीची नोटीस. सोमवारी सकाळी साडेनऊला बैठक. विषय, स्वयंपाकीण बदलणे. खाली अध्यक्ष म्हणून श्रीमंतरावांची सही.

"एका कोंबडीवरून?"

"कोंबडीचं कुनाला काय पडलंय?" सरजाबाईचा आवाज चढला. "अकरा वर्सांखाली म्या हितं लागले तवाबी तीन महिने डबे आल्ते. बौद्धवाड्यातली बाई हाय म्हून. मंग वरून सायेब आला, दम देऊन गेला, तवा डबे बंद झाले. बंद झाले म्हंजे मनातून गेले व्हय? अकरा वर्सं वाट बघून राहिले हे लोक. आता त्यायला नाव मिळालं. जात म्हनायची गरजच न्हाई. कडू म्हनायचं."

मी तो कागद दोनदा वाचला. रागाने माझे कान तापले होते. पातेल्यातली खिचडी मी तिथेच ताटात घेऊन खाल्ली. चांगली झाली होती, आणि त्यामुळे मला अजूनच राग आला.

जाता जाता श्रीमंतरावांना गाठलं. ते ट्रॅक्टरवरून उतरून मोठ्या आदराने बोलले. "म्याडम, माझं पर्सनल काई न्हाई. सरजाबाई चांगली बाई हाय. पन पालकांचा दबाव हाय. उद्या एखाद्या पोराला काई झालं तर जबाबदार कोन?"

"आणि ती कोंबडी तिची नसेलच तर?"

ते हसले. "वहीत लिवलंय ना. गुरुजींच्या वहीवर तुमी शंका घेता व्हय?"

तोवर मी घेतली नव्हती. त्या वाक्यानंतर घेतली.

३

बुधवारी साखराबाईंच्या म्हशीची कास सुजल्याचा निरोप आला. मी जाऊन इंजेक्शन दिलं आणि ओसरीवर चहाला बसले. साखराबाई सत्तरी ओलांडलेल्या, बोटं संधिवाताने वाकलेली, पण जीभ धारदार. देवळीत मानाचा नारळ ठेवला होता. मुलाच्या नोटिशीशी त्यांचा काही संबंध आहे का, हे मला बघायचं होतं.

"आजी, नऊ वर्षं पहिला नंबर. करता तरी कसं?"

"करायचं काय त्यात? हात असावा लागतो." त्या खूष झाल्या. "पन आमच्या घरची रीत येगळी हाय. कोंबडी कापली की आधी काळीज. बाकी कशाला हात लावायचा न्हाई. दोन बोटं आत घालायची अन काळीज तेवढं ओढून भायेर घ्यायचं. ते निखाऱ्यावर भाजून मरीआईपुढं ठेवायचं. मंग बाकीचं आतडं-बितडं काढायचं अन कोंबडी चुलीवर."

"आणि मरीआईपुढचं काळीज नंतर कोण खातं?"

"कावळं खात्यात. मानसानं कसं खावं ते? अन एक सांगते, म्या शिजवताना चवबी घेत न्हाई. उष्टं कराची रीत न्हाई आमच्यात. मीठमसाला अंदाजानं."

"कोणीच चाखत नाही? तुम्ही, सून?"

"कोनीच न्हाई. परीक्षकाचं तोंड पहिलं."

"यंदा काळीज कोणी काढलं?"

"म्याच की. सून म्हनत व्हती, आत्या, बोटं आखडलीत तुमची, म्या काढते. म्या काय हात लावू देते का तिला? जरा येळ लागला. खुडून खुडून काढावं लागलं, पन काढलं."

दोन वाकडी बोटं, लहानशी चीर, आत न दिसणारा अंधार, आणि काळीज एकटंच ओढून काढायचं. जनावरांच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल की अशा वेळी ती हिरवी पिशवी कुठे फुटते. पोटात.

पण कळणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. साखराबाईंची कोंबडी कुत्र्यांच्या पोटात गेली होती, आणि माझ्याकडे उरला होता नुसता तर्क.

"आजी, सरजाबाईला शाळेतून काढायचं चाललंय. तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "माझ्या श्रीमंताचं काई खरं न्हाई. कोंबडी एकदा कडू झाली म्हून बाईचं काम काढतेत व्हय? चुकतं की मानसाचं." आणि आत बघून त्यांनी हाक मारली, "साक्षे, डाक्टरीणबाईला फोटो दाव ना माझ्या नारळाचा."

४

साक्षी म्हणजे श्रीमंतरावांची मुलगी. नांदेडला बीएस्सी करते, सुट्टीला आली होती. नारळ घेतानाचे आजीचे सात फोटो तिने मला दाखवले. आठव्याला मी तिचा हात धरला.

"हे काय आहे?"

"कोंबड्या, मॅडम. तुम्ही परीक्षक एकेक कोंबडी उघडत होता ना, तेव्हा काढले. स्टेटसला टाकायला."

पाच फोटो होते. प्रत्येकात भगुण्यावरचा चुन्याचा आकडा स्वच्छ दिसत होता आणि मध्ये कोंबडी पोटावरून उघडलेली. एक नंबरमध्ये काळीज होतं. तीनमध्ये होतं. चारमध्ये काळीज आणि पोटा दोन्ही, शिवणीचा दोरा बाजूला लोंबत होता. पाचमध्ये होतं.

दोन नंबरची कोंबडी आतून रिकामी होती.

"काय बघताय, मॅडम?" साक्षीने विचारलं.

मी फोन तिच्यापुढे धरला. तिने फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग चार नंबरचा काढला, परत दोनचा. पोरगी हुशार होती. लहानपणापासून मरीआईपुढे ते काळीज ठेवायला तीच जात असणार. तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे कडू कोंबडी आजीची?" ती हळूच म्हणाली. "मग चार नंबर..."

"तुला काय वाटतं?"

"सरजामावशींची." तिने फोन मांडीवर उलटा ठेवला. "मॅडम, पप्पांनी केलं असेल का हे?"

तोच प्रश्न मलाही पडला होता, आणि खरं सांगते, श्रीमंतरावांनीच केलं असावं अशी माझी फार इच्छा होती. पण इच्छेने काम भागत नाही. मी तिच्याशी बोलत बोलतच विचार केला. चाखण्याआधी कोणती कोंबडी कडू आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. साखराबाईंनासुद्धा नाही, कारण त्या घरात शिजलेलं कोणी चाखतच नाही. मग आधी भगुण्यांची अदलाबदल करून कोणाला काय मिळणार होतं? आणि चाखून झाल्यावर अदलाबदल करायला काही उरलंच नव्हतं. कोंबड्या गेलेल्या, भगुणी घासलेली, आकडे पुसलेले. उरली होती एकच गोष्ट. वही.

"हे फोटो मला पाठव," मी म्हणाले. "पण तुझी आजी आणि तुझे वडील आहेत. नाही म्हणालीस तरी मी समजू शकते."

साक्षीने ओठ चावला. मग माझ्या फोनमध्ये पाच वेळा टिंग वाजलं.

संध्याकाळी मी चार नंबरचा फोटो सरजाबाईला दाखवला. तिने क्षणात सांगितलं, "ही माझी. शिवन माझी हाय." पण तिचा शब्द पुरावा धरायला गावात कोण बसलं होतं?

५

गुरुपादप्पा गुरुजींचं घर शाळेच्या मागे. अंगण सारवलेलं, भिंतीला पुस्तकांची फळी. त्यांनी मला खुर्ची दिली, आपुलकीने चौकशी केली, घरातून लिंबाचं सरबत मागवलं. मला हा माणूस आवडायचा. माझ्या दवाखान्याला वीज मिळावी म्हणून त्यांनी स्वतः अर्ज लिहून दिला होता.

"गुरुजी, स्पर्धेची वही बघायला मिळेल? पुढच्या वर्षी काही सुधारणा सुचवाव्या म्हणते."

"अवश्य, डॉक्टर मॅडम." ते उठून वही घेऊन आले. एक क्षणही त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. शंभर पानी, खाकी पुठ्ठ्याची वही. वळणदार अक्षर. दर वर्षाला एक पान.

मी पहिल्या वर्षापासून सावकाश पानं उलटली. प्रत्येक पानावर पाच नावं, आणि प्रत्येक नावाशेजारी चुन्याची बोटं. पांढरे, सुकलेले, कुठे अंगठ्याचे, कुठे ओढत गेलेले डाग. एके ठिकाणी तर नावच चुन्याखाली निम्मं झाकलं होतं आणि पुन्हा वर लिहिलं होतं.

"फार खराब झाली वही," गुरुजी ओशाळून म्हणाले. "काय करणार, एका हाताने आकडा काढायचा आणि दुसरं भगुणं येण्याआधी नाव लिहायचं. हात पुसायला सवडच नसते."

"यंदाही तसंच केलंत?"

"नऊ वर्षांत पद्धत बदललेली नाही, मॅडम. तेच तर या वहीचं बळ आहे."

मी यंदाचं पान उघडलं. पाच आकडे, पाच नावं, एका ओळीखाली एक, सुरेख अक्षरात. पान कोरं करकरीत होतं. मी पानावरून तळहात फिरवला. तळहाताला काही लागलं नाही. वहीच्या शिवणीशी मात्र फाडलेल्या पानाची बारीक कड उभी होती.

"सगळ्या पानांचे फोटो काढू?"

"काढा की." ते मोकळेपणी हसले. "सरबत घ्या."

मी पहिल्या पानापासून यंदाच्या पानापर्यंत फोटो काढले. सरबत तसंच ठेवून उठले.

६

सोमवारी साडेनऊला शाळेच्या चौथीच्या वर्गात बैठक भरली. पोरांच्या छोट्या बाकांवर समितीची मोठी माणसं अवघडून बसली होती. खुर्चीत श्रीमंतराव, शेजारी सल्लागार म्हणून गुरुजी. साक्षी आजीचा हात धरून आली, तेव्हा श्रीमंतरावांच्या कपाळावर आठी उमटली. सरजाबाई दाराबाहेर उभी होती. तिला कोणी आत बोलावलं नव्हतं. मीच बोलावलं.

"विषय साधा हाय," श्रीमंतरावांनी सुरुवात केली.

"साधाच आहे," मी म्हणाले. "तो मीच सुरू केला, तेव्हा मीच संपवते."

मी साखराबाईंना म्हणाले, तुमच्या घरची काळजाची रीत सांगा. त्यांनी अभिमानाने सगळं सांगितलं, बोटं आखडल्याचंसुद्धा. मग मी फोन फिरवला. पाच फोटो, चार काळजं. दोन नंबर रिकामा.

वर्गात बसलेल्यांना कोंबडी कळत होती. कोणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. साखराबाईंनी फोन डोळ्यांपाशी नेला, बराच वेळ बघितला आणि साक्षीला विचारलं, "दोन नंबर हाय ना हा?"

"हो, आजी."

"मंग ही माझी." त्यांचा आवाज कोरडा झाला. "कडू माझी निघाली."

श्रीमंतराव खुर्चीतून उठले. "आई, काई बोलू नकू. वहीत..."

"वहीवरच येते," मी म्हणाले आणि वहीचे फोटो लावले. आठ वर्षांची चुन्याची पानं, मग यंदाचं. "चुन्याच्या बोटांनी लिहिलेलं पान असं कोरं राहत नाही. हे पान हात धुतल्यानंतर लिहिलंय. निकाल कळल्यावर, मोटारीच्या खोलीत, दहा मिनिटांत. जुनं फाडलं त्याची कड वहीत अजून आहे. गुरुजी, कोंबडीच्या पोटात काय असतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही कधी भगुण्यात डोकावलाच नाहीत. नावं बदलली की झालं, असं तुम्हाला वाटलं. कोंबडीही साक्ष देते, हे मांस खाणाऱ्या कोणीही तुम्हाला सांगितलं असतं."

गुरुजींनी चष्मा काढला. त्यांनी नाकारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नाकारलं नाही.

"हो. मी बदललं." ते अगदी शांतपणे बोलत होते. "साखराबाई आठ वर्षं पहिल्या. एवढ्या वयाच्या, एवढ्या मानाच्या घरातल्या. सगळ्या गावासमोर त्यांची कोंबडी थुंकली गेली. ते नाव मी कसं वाचणार होतो? मला वाटलं, सरजाबाईंचं काय, चार दिवसांत लोक विसरतील. त्यांचं असं काय नाव आहे जायला?"

कोणी काही बोललं नाही. मला वाटतं, वर्गातल्या निम्म्या लोकांना हे बोलणं समंजस वाटलं. त्या शांततेची चीड मला आजही येते. दगड मारणारा माणूस निदान समोर उभा असतो. हा सभ्य, पुस्तकं वाचणारा, सरबत देणारा माणूस. बाईचं नाव नाहीच असं धरून चालणारा, आणि त्याला ते वाईटही वाटत नाही.

साखराबाईंनी मात्र काठी आपटली. "माझं नाव राखायला तुला कोनी सांगितलं व्हतं, गुरुजी? कडू केली तर म्या केली. माझ्या नावानं दुसऱ्या बाईची चूल इझवायला निगालास तू. अन तू रे श्रीमंता, नोटीस काढतोस? तुला सोताच्या आईची कोंबडी वळखू आली न्हाई."

श्रीमंतराव घाम पुसू लागले. "झालं ते झालं. विषय बंद. सरजाबाई कामावर राहतील. ह्ये भायेर जाऊ नये, गावाचं नाव खराब होतं."

"नोटीस सगळ्या पालकांना गेली होती," मी म्हणाले. "हेही सगळ्यांना जाईल. आजच. तुमच्या सहीने."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग साक्षीकडे, मग आईकडे. शेवटी त्यांनी कागद मागवला आणि लिहायला घेतलं.

गुरुजी उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "साखराबाई, मला माफ करा. श्रीमंतराव, तुम्हीही. डॉक्टर मॅडम, तुम्हाला त्रास झाला." आणि ते खाली बसले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सरजाबाई बोलली. "गुरुजी, एक नाव ऱ्हायलं."

गुरुजींनी मान वर केली, पण नजर तिच्यापर्यंत पोहोचली नाही. ती वाटेत कुठेतरी फळ्यावर अडकली.

"साडेदहा होऊन राहिले," सरजाबाई म्हणाली. "खिचडी शिजून तयार हाय, पोरं भुकेजतील. म्या चालले. बोलायचं आसंल तर चुलीपशी येऊन बोला."

ती गेली. मी तिच्यामागे गेले, मग साक्षी, मग आजी, आणि एकेक करून सगळी बैठकच उठून शाळेच्या स्वयंपाकाच्या खोलीपाशी आली. काय होतंय हे बघायला. पोरांची रांग लागली होती. कोणीतरी निरोप पोहोचवला असावा, कारण आज डबे उघडलेले दिसत नव्हते.

गुरुजी सगळ्यांत शेवटी आले आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. एकतीस वर्षं ते याच शाळेत होते, त्यांतली शेवटची सहा सरजाबाईच्या वेळची. त्या खोलीत ते कधी पाणीही प्यायले नव्हते. कोणी विचारलंच तर ते सांगायचे, मी मांस शिजवणाऱ्या हातचं काही घेत नाही. गावाला ते उत्तर रास्त वाटायचं. खिचडीत मांस नसतं, हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

सरजाबाईने ताट घेतलं, त्यात दोन पळ्या खिचडी वाढली, वर तेलाची धार सोडली आणि उंबऱ्यापाशी येऊन ताट पुढे केलं.

"डाळ, तांदूळ, हळद, मीठ," ती म्हणाली. "यात काळीज न्हाई की पित्त न्हाई. माफीचं बोलू नका, गुरुजी. पोरांसमोर चार घास खा. मंग ते डबे म्या बघते."

शेहेचाळीस पोरं गुरुजींकडे बघत होती. त्यांनी ताटाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, धोतराचा सोगा सावरला. हात थोडासा उचलला आणि पुन्हा खाली गेला.

"आज सोमवार आहे," ते पुटपुटले. "माझा उपवास असतो."

मला ओरडावंसं वाटलं. साखराबाईंनी तोंड फिरवलं. सरजाबाई हलली नाही. तिने ते ताट रांगेतल्या पहिल्या पोरीच्या हातात दिलं, पळी परत पातेल्यात घातली आणि गुरुजींकडे बघून शांतपणे म्हणाली,

"बरं. मंग उद्या या. उद्याबी हितं म्याच हाय."